डब्यावरचे आकडे : थंडीत गाडीला कोणते इंजिन ऑईल घालावे?

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाली, की पालकांकडून आणि बसचालकांकडून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आमच्याकडे येतो : थंडी आली, आता गाडीचे ऑईल बदलायचे का, आणि कोणते घालायचे? यंदा हाच प्रश्न विश्वस्त मंडळाच्या बैठकीतही निघाला. शाळेच्या तिन्ही बस, जनरेटर आणि शिक्षकांच्या दुचाक्या अशा सर्वांसाठी मिळून २०डब्ल्यू-४० ऑईलचे एक बॅरल घाऊक दराने घ्यावे, जाड ऑईल असले म्हणजे थंडीत इंजिनही सुरक्षित राहील, अशी सूचना पुढे आली. सूचनेमागील काटकसरीचा हेतू चांगला होता. तरीही ती मान्य करू नये असे मत आम्ही दिले. त्यामागची कारणे बैठकीच्या दहा मिनिटांत सांगता आली नाहीत, म्हणून या अंकात ती सविस्तर मांडत आहोत. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी हा लेख विज्ञानाचा पाठ समजून वाचावा, आणि ज्यांच्या दारात स्कूटर किंवा मोटार उभी आहे त्यांनी कामाचा कागद समजून.

प्रथम घरातलेच उदाहरण घेऊ. ग्वाल्हेरच्या डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवल्याशिवाय तेल बाहेर येत नाही, हे आपल्या प्रत्येक मराठी घरात ठाऊक आहे. शेजारच्या घरातील मोहरीचे तेल मात्र त्याच सकाळी सरळ वाटीत ओतता येते. थंडी एकच, तेले दोन, आणि वागणे अगदी निराळे. म्हणजे 'तेल थंडीत जाड होते' एवढे म्हणून भागत नाही; कोणते तेल किती जाड होते, हे पाहावे लागते. द्रवाच्या या दाटपणाला, म्हणजे वाहताना तो जो विरोध करतो त्याला, आम्ही हिंदी माध्यमात शिकताना 'श्यानता' हा शब्द शिकलो. मेकॅनिक मंडळी त्यालाच 'मोटा तेल, पतला तेल' म्हणतात. शब्द कोणताही घ्या, गोष्ट तीच आहे : तापमान घसरले की द्रवाचे रेणू मंदावतात, एकमेकांना अधिक धरून राहतात, आणि द्रव सहजपणे सरकेनासा होतो.

आता इंजिनात काय घडते ते पाहू. रात्री गाडी बंद केल्यावर ऑईल हळूहळू निथळून तळाच्या चेंबरमध्ये जमा होते. सकाळी किल्ली फिरवली की पंप हे ऑईल खेचून वर चढवतो, आणि क्रँकच्या बेअरिंगपासून अगदी वरच्या कॅमपर्यंत पोहोचवतो. या दरम्यानचे काही सेकंद इंजिन आदल्या दिवशी राहिलेल्या पातळ थरावरच फिरत असते. ऑईल जितके घट्ट, तितका हा काळ लांबतो, आणि धातूवर धातू घासण्याचा संभव वाढतो. जाणकार सांगतात की इंजिनाची झीज होण्यात थंड अवस्थेतील सुरुवातीचा वाटा मोठा असतो, तो याच कारणाने. महामार्गावर गरम झालेले इंजिन तासभर पळाले तर त्याला फारसा त्रास होत नाही. पहाटे साडेसहाला ताठरलेल्या ऑईलवर एकदम ॲक्सिलरेटर दाबला तर होतो. म्हणून 'थंडीत जाड ऑईल बरे' ही समजूत मुळातच उलटी आहे. जाड पांघरूण ऊब देते, जाड ऑईल देत नाही.

ऑईलच्या डब्यावर ५डब्ल्यू-३०, १५डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५० असे आकडे असतात. ही पद्धत अमेरिकेतील वाहन अभियंत्यांच्या 'एसएई' या संस्थेने घालून दिली आणि आज जगभर तीच चालते. यातील 'डब्ल्यू' हे अक्षर 'विंटर'चे, म्हणजे हिवाळ्याचे आहे. पुष्कळ जण, आणि काही दुकानदारसुद्धा, ते 'वेट'चे म्हणजे वजनाचे समजतात. पहिला आकडा थंडीतील वागणुकीची श्रेणी सांगतो, तर दुसरा इंजिन पूर्ण तापल्यावरची. पहिला आकडा जितका लहान, तितके ते ऑईल अधिक कडक थंडीतही वाहते राहते.

विद्यार्थ्यांना लक्षात ठेवायला एक सोपी युक्ती सांगतो. पहिल्या आकड्यातून ३५ वजा करा. ०डब्ल्यूचे होतील उणे ३५, ५डब्ल्यूचे उणे ३०, १०डब्ल्यूचे उणे २५, १५डब्ल्यूचे उणे २० आणि २०डब्ल्यूचे उणे १५. प्रयोगशाळेत इतक्या अंश सेल्सिअसला ऑईल थंड करून, ते इंजिन फिरवू देण्याइतके सैल राहते की नाही, हे तपासलेले असते. पंपाला ते खेचता येते की नाही, याची दुसरी परीक्षा आणखी पाच अंश खाली होते. मात्र ही परीक्षेतील उत्तीर्णतेची सीमा आहे, आरामाची नव्हे. तेहतीस टक्क्यांना पास झालेला मुलगा पास असतो, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा आकडा शंभर अंशांवरील दाटपणाची श्रेणी आहे. तो सेंटीस्टोक या एककात मोजतात. साध्या खोलीतील पाणी या मापाने सुमारे १ असते. '३०' लिहिलेल्या ऑईलचा दाटपणा शंभर अंशांना ९.३ ते १२.५ च्या दरम्यान, '४०' चा १२.५ ते १६.३ च्या दरम्यान आणि '५०' चा १६.३ ते २१.९ च्या दरम्यान असावा लागतो.

येथे एक गैरसमज आवर्जून दूर करायला हवा, कारण चांगले शिकलेले पालकही तो बाळगून असतात. ५डब्ल्यू-३० म्हणजे थंडीत ५ इतके पातळ आणि गरम झाल्यावर ३० इतके जाड होणारे ऑईल, असे नाही. कोणतेही ऑईल तापल्यावर जाड होत नाही. शंभर अंशांना दहा-अकरा सेंटीस्टोक असणारे हेच ऑईल चाळीस अंशांना साधारण साठ-सत्तर असते, आणि शून्याच्या आसपास काही शेकड्यांत जाते. म्हणजे थंडीत तेही कितीतरी पटींनी घट्टच होते. फरक इतकाच की २०डब्ल्यू-५० त्याच तापमानाला त्याहून पुष्कळ अधिक घट्ट झालेले असते. दोन्ही आकडे दोन वेगळ्या फूटपट्ट्यांवरचे आहेत. त्यांची आपसात तुलना करायची नसते.

मग एकच ऑईल दोन्ही परीक्षांना कसे बसते? एक तर मूळ तेलच चांगले शुद्ध केलेले किंवा कृत्रिमरीत्या बनवलेले असते, ज्याला सिंथेटिक म्हणतात. त्यातील मेणाचा अंश काढून टाकलेला असल्याने ते थंडीत लवकर थिजत नाही. दुसरे म्हणजे त्यात लांबलचक साखळीचे बहुवारिक रेणू, म्हणजे पॉलिमर, मिसळलेले असतात. हे रेणू थंडीत लोकरीच्या गुंड्यासारखे आवळून बसतात व तेलाच्या वाटेत फारसे येत नाहीत. उष्णता मिळाली की गुंडा उलगडतो, धागे पसरतात आणि तेलाला फार पातळ होऊ देत नाहीत. इंजिनात रगडले जाऊन हे धागे हळूहळू तुटतात. ऑईल ठरावीक काळाने बदलावे लागते, त्याच्या अनेक कारणांपैकी हे एक.

नववीच्या मुलांनी याचा एक साधा प्रयोग विज्ञानाच्या तासाला करून पाहिला. दोन सारख्या परीक्षानळ्यांत ५डब्ल्यू-३० आणि २०डब्ल्यू-५० घेतले, आणि सायकलच्या चाकातील एकेक छर्रा वरून सोडला. खोलीच्या तापमानाला दोन्ही छर्रे खाली गेले, एक थोडा आधी, दुसरा थोडा मागाहून. नंतर कुल्फीच्या मटक्यात करतात तसे बर्फ आणि खडेमीठ मिसळून त्यात नळ्या पंधरा-वीस मिनिटे रोवून ठेवल्या, आणि पुन्हा छर्रे सोडले. पहिल्या नळीतील छर्रा सावकाश का होईना, तळाला गेला. दुसऱ्या नळीतील छर्रा इतका रेंगाळला, की मागच्या बाकावरचे सर्व विद्यार्थी पुढे येऊन पाहून गेले. घरी हा प्रयोग करायचा असल्यास मोठ्यांच्या देखरेखीखाली करावा, आणि बर्फ-मिठाचे मिश्रण उघड्या हाताने धरू नये. त्याने कातडी भाजल्यासारखी होते.

आता मुख्य मुद्दा. आपल्या ग्वाल्हेरला थंडी कडक पडते हे खरे. जानेवारीच्या सकाळी पारा पाच-सहा अंशांवर येतो, एखाद्या वर्षी दोन-तीनपर्यंतही उतरतो, धुक्यात मुरारहून लष्करला येणारी बस समोरचे दिवे दिसत नाहीत म्हणून रांगत येते, आणि जिल्हा प्रशासनाला शाळांच्या वेळा पुढे ढकलाव्या लागतात. परंतु इंजिन ऑईलच्या हिशेबाने ही थंडी सौम्यच म्हणायची. वर सांगितलेल्या युक्तीने पाहा : १५डब्ल्यूची सीमा उणे २० अंश आहे, आणि आपण शून्याच्या वर आहोत. तेव्हा ग्वाल्हेर, झाशी किंवा आग्र्यापर्यंत धावणाऱ्या गाडीला हिवाळ्यासाठी म्हणून वेगळे ऑईल घ्यायची काहीही गरज नाही. गाडीच्या पुस्तिकेत जी श्रेणी दिली आहे, तीच बारा महिने घालावी. आमचे म्हणणे एवढेच आहे, बाकी सर्व त्याचे स्पष्टीकरण. पुस्तिका हरवली असेल तर बऱ्याच गाड्यांत ऑईल भरण्याच्या झाकणावरही श्रेणी लिहिलेली सापडते.

यावर कोणी म्हणेल, की मग २०डब्ल्यू-४० चे बॅरल घेतले तर बिघडले काय? त्याची सीमा उणे १५ आहे, तेही ग्वाल्हेरला चालेलच. प्रश्न रास्त आहे. केवळ थंडीचे पाहिले तर ते थिजणार नाही, एवढे कबूल. पण ऑईलच्या निवडीत दाटपणा हा अर्धाच भाग असतो. उरलेला अर्धा भाग म्हणजे दर्जाची श्रेणी, जी डब्यावर बारीक अक्षरांत असते आणि जिच्याकडे कोणी पाहत नाही. 'एपीआय' या संस्थेच्या पद्धतीत पेट्रोल इंजिनाच्या ऑईलची खूण 'एस'ने सुरू होते, जसे एसएन, एसपी. आणि डिझेल इंजिनाची 'सी'ने, जसे सीआय-४, सीके-४.

शाळेच्या दोन जुन्या बस बीएस-४ काळातील आहेत. त्यांच्या पुस्तिकेत १५डब्ल्यू-४० आणि सीआय-४ प्लस असे लिहिले आहे. तिसरी नवी बस बीएस-६ आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर हे मानक लागू झाले, आणि त्याबरोबर डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी आली. गाळणीत साचलेली काजळी गाडी स्वतःच अधूनमधून जाळून टाकते. परंतु इंजिनात जळणाऱ्या ऑईलमधील धातूच्या क्षारांची राख जळत नाही. ती गाळणीत कायमची बसते. म्हणून अशा गाडीला कमी राख होणारे ऑईल लागते, आणि सीके-४ श्रेणीत या राखेवर एक टक्क्याची मर्यादा घातलेली आहे. जुन्या प्रतीचे स्वस्त ऑईल घालून आपण प्रत्येक खेपेस काही रुपये वाचवू, आणि मग एके दिवशी गाळणी तुंबून बस मुलांसह रस्त्यात उभी राहील. वॉरंटीचा प्रश्न उरेल तो वेगळाच. उलट सीके-४ चे १५डब्ल्यू-४० ऑईल जुन्या बसलाही साधारणपणे चालते. तेव्हा घाऊक खरेदी करायचीच असेल, तर पुस्तिका आणि सर्व्हिस सेंटरचा सल्ला पाहून तिन्ही बससाठी हे एक ऑईल घेता येईल. विश्वस्त मंडळापुढे आम्ही तसाच प्रस्ताव ठेवला आहे.

दुचाक्या मात्र त्या बॅरलमधून वगळाव्याच लागतील. मोटारसायकलमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच हे तिन्ही एकाच ऑईलमध्ये बुडालेले असतात. मोटारीच्या ऑईलमध्ये घर्षण कमी करणारी जी द्रव्ये घालतात, त्यांनी क्लचच्या प्लेटा घसरू लागतात. इंजिन ओरडते, पण गाडी ओढत नाही. यासाठी जपानी मानकाची 'जासो एमए' किंवा 'एमए२' ही खूण पाहावी. गिअर नसलेल्या स्कूटरचा क्लच कोरडा असतो, तिच्यासाठी 'एमबी' खुणेचे ऑईल मिळते. अनेक स्कूटर आणि लहान मोटारसायकलींना १०डब्ल्यू-३० सांगितलेले असते. तरीही 'जुनी गाडी आहे' म्हणून त्यांत २०डब्ल्यू-५० ओतण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे, आणि मग सकाळी आई किंवा बाबा दारात किक मारून घामाघूम होतात, मुलाची प्रार्थना चुकते. अलीकडच्या छोट्या पेट्रोल मोटारींना तर ०डब्ल्यू-२० सारखे पाण्यासारखे वाटणारे ऑईल सांगितलेले असते. ते पाहून घाबरू नये. त्या इंजिनातील फटी आणि पंप त्याच हिशेबाने घडवलेले असतात.

हिवाळ्यात बिघाडाचे आणखी एक कारण असते, ज्याचा दोष लोक ऑईलच्या प्रतीला देतात. घर ते शाळा दोन किलोमीटर, परत दोन किलोमीटर. एवढ्या अंतरात ऑईल पुरते तापतच नाही. इंधन जळून झालेली वाफ आत गार होऊन पाणी बनते, थोडे न जळलेले पेट्रोलही ऑईलमध्ये उतरते. महिनाभराने झाकण उघडले तर आतल्या बाजूस लोण्यासारखा पांढरट साका दिसतो. असे दिसल्यास आधी रेडिएटरच्या कूलंटची पातळी बघावी. ती घटत असेल तर गाडी मेकॅनिककडे न्यावी, कारण कूलंट आत झिरपत असू शकते. पातळी ठीक असेल, तर आठवड्यातून एकदा गाडी झाशी रोडने अर्धा-पाऊण तास सलग चालवावी; ओलावा उडून जातो. अशा कमी चालणाऱ्या गाडीचे ऑईल किलोमीटर भरायची वाट न पाहता, पुस्तिकेत दिलेली महिन्यांची मुदत पाहून बदलावे. आजोबांची वर्षाला दोन हजार किलोमीटर चाललेली मोटारही वर्षाने ऑईल मागते.

आणि पुष्कळदा दोषी असते ती बॅटरी. थंडीत तिच्यातील रासायनिक क्रिया मंदावते आणि ताकद घटते. नेमके त्याच वेळी घट्ट ऑईलमुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. तीन-चार वर्षांची बॅटरी उन्हाळाभर तक्रार न करता चालते आणि जानेवारीत मान टाकते. ऑईल बदलून ती उठणार नाही.

गाडी सुरू झाल्यावर अर्धा-एक मिनिट थांबून, पहिले दोन-तीन किलोमीटर सावकाश जाणे, हा इंजिन गरम करण्याचा उत्तम मार्ग आहे. दारात पंधरा मिनिटे घरघर चालू ठेवण्याने पेट्रोल जाते आणि ऑईल तर फारसे तापतही नाही. आमचे बसचालक सकाळी चार-पाच मिनिटे बस चालू ठेवतात, ते मात्र योग्यच करतात. हवेच्या ब्रेकचा दाब पुरता भरल्याशिवाय बस हलवायची नसते. पालकांनी त्यांना घाई करू नये.

येथे एक गंभीर सूचना. बंद गॅरेजमध्ये किंवा जुन्या वाड्याच्या दिंडीत दार लावून गाडी गरम करत ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साईड या वायूला ना रंग, ना वास. माणसाला गुंगी येते आणि धोका कळण्याआधीच शुद्ध जाते. बंद खोलीतील शेगडीने हिवाळ्यात जे मृत्यू होतात, ते याच वायूने. मुलांना गाडीत बसवून, दार बंद ठेवून, हीटर लावून 'जरा ऊब घ्या' म्हणणे तर अजिबातच करू नये.

आता राहिला प्रश्न नाताळच्या सुट्टीत गाडी घेऊन हिमाचलला जाणाऱ्या कुटुंबांचा. ३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांगखालील ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाल्यापासून हिवाळ्यातही मनालीपलीकडे लाहौलमधील सिस्सूपर्यंत मोटारी जाऊ लागल्या आहेत. तेथे रात्री पारा उणे दहाच्याही खाली जाऊ शकतो, आणि लेहला तर जानेवारीत उणे वीसपर्यंत. येथे मात्र पहिला आकडा खरोखरच महत्त्वाचा ठरतो. २०डब्ल्यू-५० भरलेली जुनी मोटार सिस्सूला रात्रभर उघड्यावर ठेवली, तर सकाळी ती सीमेच्या अगदी काठावर असेल. पुस्तिकेत एकाहून अधिक श्रेणी दिल्या असल्यास, निघण्यापूर्वी त्यांतील लहान पहिल्या आकड्याची निवडावी. पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० असेल तर काही बदलण्याचे कारण नाही. दुसरा आकडा आपल्या मनाने कमी करू नये. परतीच्या प्रवासात मैदानी भागातील वेगाला तोच इंजिन सांभाळतो.

पण आमच्या मते तेथे ऑईलपेक्षा आधी दगा देतात त्या दोन दुसऱ्याच गोष्टी. एक म्हणजे रेडिएटरमधील पाणी. ग्वाल्हेरला उन्हाळ्यात कूलंट कमी झाले की आपण नळाचे पाणी घालतो, आणि विसरतो. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते आणि लोखंडी इंजिन तडकवू शकते. जाण्यापूर्वी पुस्तिकेत सांगितलेल्या प्रमाणात कूलंट भरून घ्यावे.

दुसरी गोष्ट डिझेल. डिझेलमध्ये मेणाचा अंश असतो. थंडी वाढली की त्याचे कण बनून गाळणीत अडकतात, आणि गाडी बंद पडते. आपल्या भारतीय मानकातही डिझेलचे उन्हाळी व हिवाळी असे दोन भेद आहेत : नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या डिझेलचा प्रवाहबिंदू, म्हणजे ज्याच्या खाली ते वाहत नाही तो अंश, जास्तीत जास्त ३ असावा लागतो, इतर महिन्यांत १५ चालतो. प्रत्यक्षात मिळणारे डिझेल पुष्कळदा याहून बरे असते, पण लाहौलच्या रात्रीची हमी त्यात नाही. म्हणूनच इंडियन ऑईलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारे खास हिवाळी डिझेल आणले. तेव्हा डिझेल मोटारीने जाणाऱ्यांनी ग्वाल्हेरचे डिझेल शिल्लक ठेवून वर चढू नये. मनालीच्या पंपावर चौकशी करून तेथे टाकी भरावी. डोंगरातील ट्रकचालक पूर्वीपासून सकाळी टाकीखाली आणि चेंबरखाली आगटी पेटवत आले आहेत. त्यांचा तो नाइलाज आहे. आपण त्याचे अनुकरण करू नये.

डिझेलच्या याच नियमामुळे शाळेच्या जनरेटरकडेही आमचे लक्ष गेले. त्यातील डिझेल एप्रिलमध्ये भरलेले, म्हणजे उन्हाळी भेदाचे होते. वार्षिक स्नेहसंमेलन डिसेंबरच्या रात्री, उघड्या मैदानात असते आणि वीज केव्हाही जाते. ते डिझेल दिवसाच्या सरावात वापरून टाकून नवे भरावे, असे आम्ही कार्यालयाला कळवले आहे.

खरेदीबद्दल थोडेसे. नामांकित कंपन्यांच्या रिकाम्या डब्यांत हलके तेल भरून विकण्याचे प्रकार होतात. म्हणून ऑईल डोळ्यांदेखत सीलबंद डब्यातून घालून घ्यावे, पक्के बिल घ्यावे, आणि रिकामा डबा तेथेच भोक पाडून टाकावा. काढलेले जळके ऑईल घरी आणून दाराच्या चौकटीला वाळवी लागू नये म्हणून फासणे किंवा नालीत ओतणे, दोन्ही टाळावे. त्यात विषारी धातू असतात. ते गॅरेजमध्येच जमा होऊ द्यावे.

तिन्ही बसच्या ऑईलची श्रेणी, बदलल्याची तारीख, किलोमीटर आणि बिलाची प्रत यांची नोंदवही या महिन्यापासून कार्यालयात ठेवली आहे. पालकांना ती शनिवारी शाळा सुटल्यावर पाहता येईल. नववीच्या ज्या विद्यार्थ्यांनी छर्र्यांचा प्रयोग केला, त्यांनी आपापल्या घरच्या गाडीच्या झाकणावरील श्रेणी लिहून आणायची आहे. वर्गात त्यातून ३५ वजा करून प्रत्येकाची सीमा फळ्यावर मांडू.